गणांत वरून खाली जाताना नेमके काय बदलते? मूलद्रव्यांची अभिक्रियाशीलता समजून घेण्याची एक रीत

दहावीच्या विज्ञानातील ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हे प्रकरण मी शिकवायला घेते, तेव्हा नौपाड्यातील माझ्या घरी शिकवणीला येणाऱ्या बहुतेक मुलांच्या वहीत एक आकृती आधीच काढलेली असते. एक चौकट, तिच्या डाव्या कडेला खाली तोंड केलेला बाण, वरच्या कडेला उजवीकडे जाणारा बाण आणि बाणांशेजारी ‘वाढते’, ‘कमी होते’ असे शब्द. आकृतीत चूक काही नसते. पण ‘पोटॅशियम सोडियमपेक्षा अधिक अभिक्रियाशील का?’ असे विचारले की ‘ते खाली आहे म्हणून’ असे उत्तर येते, आणि ‘मग आयोडीनही क्लोरीनच्या खाली आहे, ते अधिक अभिक्रियाशील का नाही?’ असे विचारले की मुले गप्प होतात. बाण पाठ असतात, पण बाण कशामुळे वळतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

अभिक्रियाशीलता म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीचा हिशेब आहे. देणारा कोण, घेणारा कोण आणि ही देवघेव कितपत सोपी पडते, एवढे कळले की मुख्य गणांतील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बाणांशिवाय काढता येते. पुढील रीत दहावीच्या मुलांसाठी, त्यांना घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी आणि अकरावीत विज्ञान शाखेकडे वळणाऱ्यांसाठी लिहिली आहे. ती एका बैठकीत संपवू नये. चार-पाच संध्याकाळी द्याव्यात.

पायरी पहिली: कोरा तक्ता स्वतः भरावा

छापील आवर्तसारणी बाजूला ठेवावी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आठ उभे रकाने आखावेत आणि त्यांना १, २ आणि १३ ते १८ असे गणांचे क्रमांक द्यावेत; २ आणि १३ यांच्या मध्ये थोडी जागा रिकामी सोडावी. त्यांत पहिली २० मूलद्रव्ये भरावीत. प्रत्येक घरात तीनच गोष्टी लिहाव्यात: नाव, अणुअंक (केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या) आणि इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन). सोडियमच्या घरात ‘११’ आणि ‘२, ८, १’. क्लोरीनच्या घरात ‘१७’ आणि ‘२, ८, ७’. त्यानंतर पहिल्या गणात रुबिडियम (२, ८, १८, ८, १) आणि सिझियम (२, ८, १८, १८, ८, १), दुसऱ्या गणात स्ट्रॉन्शियम आणि बेरियम, सतराव्या गणात ब्रोमीन (२, ८, १८, ७) आणि आयोडीन (२, ८, १८, १८, ७) यांची भर घालावी. एकूण २६ घरे होतात.

हे काम कंटाळवाणे वाटते, तरीही ते हातानेच करावे असा माझा आग्रह आहे. संरूपण लिहिता लिहिता मुलाला आपसूक दिसते की, हेलियम सोडले तर, एका गणात शेवटचा आकडा बदलत नाही आणि दर खालच्या घरात एक नवे कवच वाढते. गण म्हणजे काय, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

गणातील या साम्याला आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने किती महत्त्व दिले होते, हेही येथे सांगून टाकावे. १८६९ साली त्याने मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली, परंतु टेल्युरियम आणि आयोडीन या जोडीपाशी हा क्रम बिघडत होता, कारण टेल्युरियमचे अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचे १२६.९ आहे. वस्तुमानाचे ऐकले असते तर आयोडीन ऑक्सिजनच्या गणात गेले असते. आयोडीनचे वागणे क्लोरीन-ब्रोमीनसारखे आहे हे पाहून त्याने वस्तुमानाचा क्रम मोडला आणि आयोडीनला हॅलोजनांतच, म्हणजे क्लोरीन-ब्रोमीनच्या गणातच, ठेवले. तो बरोबर होता, हे १९१३ मध्ये हेन्री मोजले या शास्त्रज्ञाने अणुअंक मोजण्याची रीत काढल्यावर उघड झाले.

पायरी दुसरी: प्रत्येक अणूला तीन प्रश्न विचारावेत

पहिला प्रश्न: हा अणू देणारा की घेणारा? शेवटच्या कवचात एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन असतील तर ते देऊन टाकणे सोपे. सहा किंवा सात असतील तर उरलेले मिळवणे सोपे.

दुसरा प्रश्न: बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती लांब आहे? याचा अंदाज कवचांच्या संख्येवरून येतो. लिथियमची अणुत्रिज्या १५२ पिकोमीटर, सोडियमची १८६, पोटॅशियमची २२७. विद्युत आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे थोडे अंतर वाढले तरी पकड बरीच ढिली होते.

तिसरा प्रश्न बहुतेक मुले विसरतात: केंद्रकाच्या धनप्रभारापैकी किती प्रभार त्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोहोचतो? पोटॅशियमच्या केंद्रकात १९ प्रोटॉन आहेत, सोडियमच्या केंद्रकात ११. मग पोटॅशियमची पकड अधिक घट्ट का नाही? कारण आतल्या कवचांतील इलेक्ट्रॉन मध्ये आड येतात. ढोबळ हिशेबासाठी अणुअंकातून आतल्या कवचांतील इलेक्ट्रॉन वजा करावेत. लिथियमसाठी ३ वजा २, सोडियमसाठी ११ वजा १०, पोटॅशियमसाठी १९ वजा १८. तिन्ही ठिकाणी उत्तर १ येते. ओढ तेवढीच राहिली आणि अंतर वाढले, म्हणून पकड सैल झाली. हीच वजाबाकी तिसऱ्या आवर्तात आडवी केली तर सोडियमसाठी १, मॅग्नेशियमसाठी २ आणि असे करत क्लोरीनसाठी ७ येते. कवचे तीनच असतात, पण ओढ वाढत जाते, म्हणून अणू आक्रसत जातो: सोडियम १८६ पिकोमीटर, क्लोरीन ९९. गणातील आणि आवर्तातील दोन्ही कल याच वजाबाकीत सापडतात, आणि म्हणून मी ती प्रत्येक मुलाकडून किमान दहा मूलद्रव्यांसाठी करून घेते.

पायरी तिसरी: पहिला गण, देणाऱ्यांचा

सोडियमचा तुकडा मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने काढलेला, बाहेरून मळकट पांढरा, साबणाच्या चिपेसारखा. बाईंनी तो टिपकागदावर ठेवून सुरीने कापला तेव्हा सुरी खव्यातून जावी तशी गेली आणि कापलेल्या बाजूवर आरशासारखी चकाकी दिसली. ती चकाकी आम्ही पाहत असतानाच मंदावली. हवेतील ऑक्सिजन आणि ओलाव्याने आपले काम सुरू केले होते. मुगाच्या दाण्याएवढा कण पाण्यात टाकताच तो वितळून गोळी झाला आणि सूं सूं आवाज करत पाण्यावर पळू लागला.

आता आकडे पाहावेत. वायुरूप अणूतून बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढण्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजे आयनीभवन ऊर्जा, लिथियमसाठी प्रति मोल ५२० किलोज्यूल, सोडियमसाठी ४९६, पोटॅशियमसाठी ४१९, रुबिडियमसाठी ४०३ आणि सिझियमसाठी ३७६ आहे. देणे खालच्या बाजूला स्वस्त होत जाते. पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेतही हाच क्रम दिसतो: लिथियम संथपणे बुडबुडे सोडते, सोडियम धावते, पोटॅशियमच्या अभिक्रियेतील उष्णतेने सुटलेला हायड्रोजन लगेच पेट घेतो आणि ज्योत जांभळट दिसते, तर रुबिडियम आणि सिझियम पाण्यात स्फोटच घडवतात.

अकरावीला जाणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण एक कोडे आहे. पाण्यातील द्रावणात इलेक्ट्रॉन देण्याचा कल प्रमाण विद्युतविभवाने मोजला तर लिथियम (उणे ३.०४ व्होल्ट) सोडियमच्या (उणे २.७१ व्होल्ट) पुढे असते, इतकेच नव्हे तर गणात सर्वांच्या पुढे असते. मग ते पाण्यात सर्वांत संथ का? लिथियमचा आयन इतका लहान असतो की तो पाण्याचे रेणू आपल्याभोवती फार घट्ट ओढून घेतो, आणि त्यातून भरपूर ऊर्जा बाहेर पडते; म्हणून एकूण हिशेबात लिथियम फायद्यात राहते. पण अभिक्रियेचा वेग ही निराळी गोष्ट आहे. लिथियम १८०.५ अंश सेल्सिअसला वितळते, सोडियम ९७.८ अंशांना आणि पोटॅशियम ६३.५ अंशांना. पाण्यात सोडियम व पोटॅशियम वितळतात आणि त्यांचा ताजा पृष्ठभाग सतत उघडा पडतो. लिथियम घनच राहते. एकूण किती ऊर्जा सुटते आणि ती किती वेगाने सुटते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ‘अधिक अभिक्रियाशील’ हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो. दहावीच्या उत्तरात हे लिहिण्याची गरज नाही, परंतु शिकवणाऱ्याला ते माहीत असावे.

या गणाबाबत मुले हमखास एक शंका विचारतात, आणि ती अत्यंत योग्य शंका आहे: सोडियम पाण्यात पेटते, तर मीठ पाण्यात शांतपणे कसे विरघळते? भाईंदरच्या मिठागरांत खाडीचे पाणी उन्हात आटते तेव्हा जे पांढरे ढीग लागतात, त्यांत वजनाने जवळजवळ ४० टक्के सोडियम असते. परंतु ते सोडियम आपला इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन बसलेले असते. त्याचे संरूपण आता ‘२, ८’ आहे आणि दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर प्रति मोल ४५६२ किलोज्यूल लागतील, म्हणजे पहिल्याच्या नऊपट. धातूरूप सोडियम आणि सोडियमचा आयन यांतील हा फरक ज्याला कळला, त्याला पहिला गण कळला.

सोडियम, पोटॅशियम किंवा लिथियम घेऊन घरी कोणताही प्रयोग करू नये, आणि जुन्या बॅटऱ्या फोडून लिथियम काढण्याचे जे उद्योग मुले पाहतात ते तर मुळीच करू नयेत. अशा धातूंची आग पाण्याने भडकते. प्रयोगशाळेत त्यासाठी कोरडी वाळू ठेवलेली असते.

पायरी चौथी: दुसरा गण, थोडक्यात

येथेही देणारेच आहेत, पण द्यायचे दोन आहेत आणि पोहोचणारी ओढही दोनची आहे, म्हणून हा गण पहिल्याच्या एक पाऊल मागे असतो. बेरिलियम पाण्याशी अभिक्रिया करत नाही. मॅग्नेशियमला गरम पाणी किंवा वाफ लागते. कॅल्शियम थंड पाण्यातही बुडबुडे सोडते आणि ते बुडबुडे चिकटल्याने तुकडा वर तरंगतो. आयनीभवन ऊर्जा मॅग्नेशियमसाठी ७३८, कॅल्शियमसाठी ५९० आणि बेरियमसाठी ५०३ किलोज्यूल आहे.

या गणात आणखी एक कल घरबसल्या जाणवतो. हायड्रॉक्साइडांची विद्राव्यता खाली वाढत जाते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणूनच पित्तावरच्या औषधाची बाटली हलवून घ्यावी लागते; कॅल्शियमचे थोडे विरघळते, म्हणून विरलेल्या चुन्यावरची स्वच्छ निवळी आपल्याला वापरता येते. सल्फेटांचा कल मात्र उलटा आहे. बेरियम सल्फेट इतके अविद्राव्य आहे की पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी ते रुग्णाला पाजतात, जरी विरघळलेले बेरियम विषारी असते. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या इमारतींत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते, तेथे गीझरच्या कॉइलवर साचणारा पांढरा थर बहुतांशी याच गणातील कॅल्शियमच्या कार्बोनेटचा असतो. त्यावर लिंबू पिळले की फेस येतो, कारण कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या थरातील कॅल्शियमही मिठातल्या सोडियमसारखेच, इलेक्ट्रॉन देऊन शांत झालेले असते.

पायरी पाचवी: सतरावा गण, घेणाऱ्यांचा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे यावे. वजाबाकी केली तर फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या सर्वांसाठी उत्तर ७ येते, आणि अंतर खाली वाढत जाते. हे पहिल्या गणासारखेच झाले. फरक इतकाच की येथे अणूला बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडायचा नाही, दुसऱ्याचा ओढून आणायचा आहे. पकड सैल होणे हे देणाऱ्याच्या फायद्याचे आणि घेणाऱ्याच्या तोट्याचे. कारण एकच, परिणाम उलटे. म्हणून डावीकडे अभिक्रियाशीलता खाली वाढते आणि उजवीकडे वर. हे वाक्य मुलाने स्वतःच्या शब्दांत मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत याची परीक्षा विस्थापन अभिक्रियेने होते. पोटॅशियम ब्रोमाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचे पाणी घातले की द्रावण नारिंगी होते. क्लोरीनने ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन काढून घेतलेला असतो आणि ब्रोमीन मोकळे झालेले असते. पोटॅशियम आयोडाइडमध्ये क्लोरीन किंवा ब्रोमीन घातले की तपकिरी रंग येतो. उलट, पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये आयोडीन घातले तर काहीच घडत नाही. ही अभिक्रिया मोठ्या प्रमाणावरही चालते: समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते, आणि मीठ काढून घेतल्यावर मागे उरणाऱ्या कडू पाण्यात ते साठत जाते. त्या पाण्यात क्लोरीन सोडून ब्रोमीन मिळवले जाते.

घरी करण्याजोगा प्रयोग असा. भाताची पातळ पेज गार करून काचेच्या पेल्यात अर्धा पेला घ्यावी आणि तेवढेच पाणी घालावे. जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. पेज गडद निळी-काळी होईल. आता लिंबाचा रस थेंबाथेंबाने घालून ढवळावे आणि रंग जाताक्षणी हात थांबवावा. लिंबातील क जीवनसत्त्वाने आयोडीनला इलेक्ट्रॉन दिले आणि आयोडीनचे आयोडाइड झाले. आयोडाइड पेजेला रंग देत नाही. त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब घालून थोडा वेळ वाट पाहावी. निळा रंग हळूहळू परत येतो, कारण आयोडाइडकडून तो इलेक्ट्रॉन पुन्हा काढून घेतला जातो. आयोडीन हा इतका मवाळ घेणारा आहे की त्याने घेतलेला इलेक्ट्रॉन दुसरा कोणी सहज हिसकावतो. क्लोराइडच्या बाबतीत हे इतक्या सहज घडत नाही. पेरॉक्साइडऐवजी कपड्यांचे ब्लीच मात्र कधीही वापरू नये. लिंबाच्या आम्लाशी मिळून त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. प्रयोग झाल्यावर पेला नीट धुवावा आणि आतले मिश्रण कोणी पिणार नाही याची काळजी घ्यावी.

आयोडाइडच्या याच स्वभावामुळे आपल्या मिठाच्या पुडीतही एक निर्णय घेतला गेला आहे. पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे लिहिलेले असले तरी भारतात त्यासाठी पोटॅशियम आयोडाइड सहसा वापरत नाहीत. पोटॅशियम आयोडेट वापरतात. दमट हवेत आणि उजेडात आयोडाइडचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजन काढून घेतो, आयोडीन मोकळे होते आणि उडून जाते. ठाण्याच्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीला कसा पाझर फुटतो हे आपण पाहतोच. तेथे आयोडाइड फार दिवस टिकले नसते. आयोडेट अशा हवेत अधिक स्थिर राहते. नियमानुसार मिठातील आयोडीन ग्राहकाच्या हाती येताना दशलक्ष भागांत किमान १५ भाग आणि कारखान्यात त्याहून अधिक असावे लागते. वाटेत होणारी घट त्यात आधीच धरलेली आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीनच का, हा प्रश्नही येथेच सुटतो. नवी मुंबईला मोरबे धरणातून येणारे पाणी असो वा दुसऱ्या शहराचे, ते शुद्ध करताना जंतूंचे इलेक्ट्रॉन ओढून घेईल असा घेणारा लागतो. फ्लुओरीन वापरले तर ते पाण्यावरच तुटून पडेल आणि ऑक्सिजन व हायड्रोजन फ्लुओराइड तयार होईल. आयोडीन जखमेसाठी पुरते, पण शहराच्या पाण्यासाठी ते मवाळ आणि महाग. क्लोरीन पुरेसे तिखट आहे आणि तरी पाण्यात टिकून राहते.

फ्लुओरीनबाबत एक अपवाद लक्षात ठेवावा. एक इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीनच्या अणूतून प्रति मोल ३४९ किलोज्यूल बाहेर पडतात, फ्लुओरीनच्या अणूतून ३२८. फ्लुओरीनचा अणू इतका लहान आहे की त्यात नवा इलेक्ट्रॉन आला की आधीचे सात त्याला रेटतात. तरीही फ्लुओरीन सर्वांत अभिक्रियाशील ठरते, कारण त्याच्या रेणूतील बंध कमकुवत आहे (तो तोडायला १५८ किलोज्यूल लागतात, क्लोरीनचा तोडायला २४२) आणि त्याचा लहानसा आयन इतर आयनांशी किंवा पाण्याशी फार घट्ट बांधला जातो. हे मूलद्रव्य वेगळे करणे इतके अवघड होते की फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मॉइसाँला ते १८८६ साली जमले, आणि त्याला १९०६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पायरी सहावी: अठरावा गण

येथे देणाराही नाही आणि घेणाराही. रबाळे-महापे भागातल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टील जोडताना ‘आर्गन वेल्डिंग’ करतात, ते आर्गन धातूशी काही करत नाही म्हणूनच. तापलेल्या सांध्याभोवती त्याचे आवरण राहते आणि ऑक्सिजन दूर राहतो. मात्र गणात खाली जाताना येथेही पकड सैल होतेच. १९६२ मध्ये नील बार्टलेटने झेनॉनचे संयुग बनवले. झेनॉनची बाहेरची कवचे इतकी लांब असतात की पुरेसा बळकट घेणारा समोर आला तर तेही इलेक्ट्रॉन सोडते.

पायरी सातवी: भाकीत करावे आणि मग तपासावे

आतापर्यंत जे वाचले ते समजले आहे की नाही, हे तपासण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे एक घर झाकून त्याचे गुणधर्म शेजाऱ्यांवरून ओळखणे. मेंडेलीव्हच्या आधी डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाने त्रिके (सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट) मांडताना हेच केले होते: लिथियम (६.९) आणि पोटॅशियम (३९.१) यांच्या अणुवस्तुमानांची सरासरी २३ येते, आणि सोडियमचे अणुवस्तुमान तेच आहे.

रुबिडियम झाकावे. वर पोटॅशियम, खाली सिझियम. आयनीभवन ऊर्जेची सरासरी ३९७.५ येते, खरी ४०३. द्रवणांकाची सरासरी सुमारे ४६ अंश येते, खरा ३९.३. ब्रोमीन झाकावे. क्लोरीनचा उत्कलनांक उणे ३४ अंश आणि आयोडीनचा १८४, म्हणून सरासरी ७५, खरा ५९. म्हणजे ब्रोमीन खोलीत द्रव असेल, हे भाकीत बरोबर ठरते आणि आकडा थोडा चुकतो. हा चुकलेला आकडा मुलांना महत्त्वाचा वाटू द्यावा. कल दिशा सांगतो, अचूक किंमत सांगत नाही.

फ्रान्सियमचे भाकीतही मुलांना करायला द्यावे. ते सिझियमच्या खाली आहे, म्हणून ते सर्वांत अभिक्रियाशील असेल असे सारे लिहितात. प्रत्यक्षात त्याची आयनीभवन ऊर्जा सुमारे ३९३ किलोज्यूल आहे, सिझियमपेक्षा अधिक. ८७ प्रोटॉनांच्या केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की सापेक्षतेचा परिणाम होतो आणि बाहेरचा इलेक्ट्रॉनही थोडा आत ओढला जातो. शिवाय त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचा अर्धायुकाल अवघा २२ मिनिटे आहे.

पायरी आठवी: उत्तर कसे लिहावे

‘कारणे द्या’ या प्रश्नात परीक्षकाला कारणांची साखळी हवी असते. एक दुवा गाळला की गुण जातो. नमुना असा: ‘पोटॅशियम व सोडियम हे दोन्ही पहिल्या गणातील धातू असून त्यांच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. सोडियममध्ये तीन व पोटॅशियममध्ये चार कवचे असल्याने पोटॅशियमचा बाह्यतम इलेक्ट्रॉन केंद्रकापासून अधिक दूर असतो. आतील कवचांतील इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाच्या वाढलेल्या प्रभाराचा परिणाम त्याच्यावर कमी होतो. त्यामुळे तो इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेत बाहेर पडतो व पोटॅशियम अधिक अभिक्रियाशील ठरते.’ चार वाक्ये, प्रत्येकात एकच दुवा. ‘पोटॅशियम खाली आहे म्हणून’ हे वाक्य उत्तरात कोठेही येत नाही, हे मुलाला दाखवावे. हॅलोजनांच्या उत्तरात शेवटचे वाक्य तेवढे बदलते.

जेथे हा नियम चालत नाही

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मला विचारले, ‘बाई, धातूंची अभिक्रियाशीलता खाली वाढते ना? मग तांबे, चांदी, सोने एकाच गणात असून सोनेच कसे चांगले राहते?’ तिच्या आजीच्या देवघरात तिन्ही होती. तांब्याचा कलश दर आठवड्याला चिंच लावून घासावा लागे, चांदीचे निरांजन काळे पडे, आणि सोन्याचे मणी होते तसेच. प्रश्न उत्तम होता आणि त्याचे उत्तर पहिल्या दुसऱ्या गणांच्या हिशेबात बसत नाही.

अकराव्या गणात तांब्याची अणुत्रिज्या १२८ पिकोमीटर, चांदीची १४४ आणि सोन्याचीही १४४ आहे. एक पूर्ण कवच वाढूनही अणू वाढलाच नाही. चांदीपासून सोन्यापर्यंत केंद्रकात ३२ प्रोटॉन वाढतात, आणि त्यांच्यासोबत आलेल्या आतल्या इलेक्ट्रॉनांपैकी १४ असे आहेत की ते आड यायला फारसे उपयोगी पडत नाहीत. त्यात सापेक्षतेच्या परिणामाची भर पडते. त्यामुळे सोन्याची पकड घट्ट होते: आयनीभवन ऊर्जा तांब्यासाठी ७४५, चांदीसाठी ७३१ आणि सोन्यासाठी ८९० किलोज्यूल. तांबे दमट हवेत कळकते आणि आंबट पदार्थात उतरते, म्हणून आपल्याकडे स्वयंपाकाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई करत. चांदीला काळे करतो तो प्रामुख्याने हायड्रोजन सल्फाइड, ज्याचा वास ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून येतो. सोन्यावर यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही.

तेव्हापासून मी मुलांना ‘धातूंची अभिक्रियाशीलता गणात खाली वाढते’ असे लिहू देत नाही. वाक्य ‘गण १ व २ मधील धातूंची’ असे सुरू करायला सांगते, आणि तक्त्याच्या मधल्या रिकाम्या जागेत, गण २ व गण १३ यांच्या मध्ये, पेन्सिलने तांबे, चांदी, सोने अशी तीन घरे काढून त्यांच्या शेजारी वरच्या दिशेने तोंड केलेला बाण काढून घेते.